राजजिव्हेचा शाप

एका राज्यात, जिथे डोंगर बोलत आणि बाळं मुकी जन्मत, मेघकेतू नावाचा राजा होता. बाराव्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत, बापाने कानात नाव सांगितलं की बाळाला आवाज फुटे. दिवस टळला, तर बाळ जन्मभर मुकं.

राजाला मुलगी झाली. तो हर्षाने पाळण्यावर वाकला, तशी पाळण्यावरची मोगऱ्याची फुलं काळी पडली आणि बाळाचा श्वास कोंडला. राणी हेमलेखाने लेकीला झटकन उचललं. दरबारी मात्र गप्प. ताटाखालची मांजरं ती, बोलणार काय!

बोलली ती खिडकीतली मैना. "महाराज, आपल्या मुखाला दुर्गंधी आहे. खरं बोलला म्हणून आपण मांत्रिकाला हाकललंत, त्याचा हा शाप. ती दुर्गंधी आपल्याला कळणार नाही, आणि सांगायला कुणी धजणार नाही."

राजा शरमला. "उपाय?"

"शंखगिरीची पांढरी भुकटी, नागाच्या विळख्यातला पुदिना, आणि उडत्या घोड्याच्या केसांचा कुंचला. एकट्याने आणा."

शंखगिरीने मुकुट मागितला, राजाने दिला. नाग झोपला होता. राजाने आपलाच श्वास रोखून पुदिना खुडला. घोड्यापुढे हात जोडले, तेव्हा त्याने आपणहून शेपूट पुढे केली.

बाराव्या दिवशी दुपार कलताना राजा परतला. भुकटीत पुदिना खलून लेप केला, दात घासले. ते असे उजळले की महालाच्या भिंतींवर कवडसे नाचू लागले. राजा पाळण्यावर वाकला. मोगरा पुन्हा कोमेजला, फक्त या खेपेला जरा सावकाश.

राणीने लेकीला छातीशी धरलं. "दात घासलेत, महाराज. जीभ?"

दरबार शहारला. राजाचा शब्द म्हणजे कायदा, म्हणून त्या घराण्यात सात पिढ्या जिभेला कुणी काही लावलं नव्हतं.

"शांतं पापम्!" राजपुरोहित ओरडले. "राजजिव्हेला घोड्याचा केस?"

"माझी लेक मुकी राहील, पुरोहित. मग ही जीभ काय देव्हाऱ्यात ठेवू?"

सूर्य डोंगराला टेकला होता. भर दरबारात राजाने जीभ बाहेर काढली. कुंचल्यावर लेप घेऊन अगदी मागून, मुळापासून, हलक्या हाताने पुढे घासली. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या खेपेला जिभेवरून करडा थर सुटला, तस्तात पडला, त्याची पाल झाली आणि ती खिडकीतून निघून गेली.

राजाने चूळ भरली. राणीच्या हातातल्या लेकीच्या कानाशी तोंड नेलं. पाळण्यावर बांधलेला नवा मोगरा पांढराच राहिला.

"मंजुघोषा," तो म्हणाला.

लेकीने टाहो फोडला. असा फोडला की बोलणारे डोंगरही थांबून ऐकू लागले, आणि ते रडणं ऐकून राजा हसत हसत रडला.

जसा त्याचा शाप फिटला, तसा तुमचाआमचाही फिटो.