रंग कोणी पाहिला?

"मग बाई, थांबवू की पुढे नेऊ?"

हेमंतने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच पुढे बोलायला लागला. ही त्याची जुनी खोड.

खांबेटे बाई भडंगातले शेंगदाणे वेचून बाजूला ठेवत होत्या. दात उरले नव्हते, पण भडंग सुटत नव्हतं.

"आधी चहा घे," त्या म्हणाल्या.

"चहा राहू द्या. सोमवारी मला समितीपुढे सांगायचंय. मी हो म्हटलं तर पुढची चाचणी. नाही म्हटलं तर... संपलं सगळं."

"काय संपलं?"

"चिमी संपली, बाई."

बाईंचा हात ताटलीतच थांबला.

चिमी कुणाची मुलगी नव्हे. चिमी म्हणजे एक पेप्टाइड. अमिनो आम्लांच्या कड्या एकीमागे एक जोडून केलेली इवलीशी साखळी. मधुमेहाच्या माणसाच्या पायाला जखम झाली की ती भरत नाही, चिघळते, आणि शेवटी पाय कापायची वेळ येते. बाईंच्या वडिलांचा पाय असाच गेला होता. ती जखम भरून काढेल अशी साखळी करायची, हा बाईंचा ध्यास होता.

कागदोपत्री तिला लांबलचक नाव होतं. ते उच्चारताना धाप लागायची, म्हणून बाईंनी तिचं चिमी करून टाकलं.

पुण्यात बाईंची प्रयोगशाळा होती. तिथे आम्ही दोघं, हेमंत कुलथे आणि मी, त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होतो. प्रयोगशाळा कसली, एक लांबट खोली. पंखा चालू केला की वजनकाटा हलायचा, म्हणून उन्हाळ्यातही पंखा बंद. हलवायचं यंत्र कायम बिघडलेलं. मग काचेचं भांडं हातात धरून आम्हीच हलवत बसायचो, रव्यासारखे बारीक मणी आत भिरभिरत असायचे. साखळीचं एक टोक त्या मण्यांना बांधलेलं. एक कडी जोडायची, धुवायचं, पुढची कडी जोडायची. बाई मधूनच येऊन नाट्यगीत गुणगुणत उभ्या राहायच्या आणि हात थांबलेला दिसला की गाणं थांबवायच्या.

अंगाला त्या द्रावणांचा असा वास चिकटायचा की बसमध्ये शेजारची सीट आपोआप रिकामी व्हायची. बोटं कायम जांभळी. एका आजीबाईंनी मला एकदा विचारलं होतं, "बाळा, जांभळं कुठली रे? आमच्याकडे अजून नाही आली."

किती चांगले दिवस होते ते! तेव्हा कळलं नाही, एवढंच.

पुढे हेमंत चिमीला घेऊन हैदराबादला एका औषध कंपनीत गेला. मला सांगलीच्या कॉलेजात नोकरी लागली. बाई निवृत्त होऊन मिरजेला, बहिणीशेजारी राहायला आल्या. मी अधूनमधून जातो. हेमंत खूप वर्षांनी आला होता. ड्रायव्हर, गाडी, खांद्याला लॅपटॉप. संशोधन प्रमुख!

दारातच मला म्हणाला, "काय रियाज, अजून पोरांना टायट्रेशनच का?"

"अजून तेच," मी म्हणालो.

आता त्याने लॅपटॉप उघडून बाईंसमोर ठेवला.

"बघा बाई. अर्ध्या रुग्णांना चिमीचं मलम, अर्ध्यांना साधं. कोणाला कुठलं, ते लावणाऱ्यालाही माहीत नाही."

"बरं."

"दोन्हीकडे सारखंच आलं. फरक नाही."

बाईंनी भडंगाची ताटली बाजूला सारली.

"पण मी सोडलं नाही! आकडे परत चाळले. साठीच्या पुढच्या बायका घेतल्या. त्यातल्या इन्सुलिन न घेणाऱ्या. त्यातही टाचेला जखम असलेल्या. आणि तिथे आहे, बाई! तिथे फरक आहे. चिमी काम करते. आता फक्त अशाच बायकांवर नवी चाचणी घ्यायची. कंपनी माझ्या शब्दावर अडलीय. तुम्ही फक्त म्हणा, पुढे जा."

त्याचा आवाज चढला होता. अगदी पहिल्या वर्षी चढायचा तसाच.

बाईंनी विचारलं, "रंग कोणी पाहिला?"

हेमंतने नजर लॅपटॉपकडे वळवली.

हा प्रश्न फक्त आम्हालाच कळणारा होता. कडी जोडून झाली की चार मणी काढायचे, त्यावर निनहायड्रिन घालून गरम करायचं आणि रंग बघायचा. पिवळट राहिलं तर कडी जुळली. निळं झालं तर कुठेतरी जुळायची राहिली, परत करा. बोटं जांभळी व्हायची तीही त्याच निनहायड्रिनने. पण बाईंचा एक दंडक होता. ज्याने कडी जोडली त्याने रंग पाहायचा नाही. दुसऱ्याने पाहायचा. जोडणाऱ्याने पाठ करून उभं राहायचं. दिवसभर राबलेल्या माणसाला निळं कधी दिसतच नाही, असं त्या म्हणायच्या.

हेमंतचा रंग मी पाहायचो, माझा हेमंत. एकदा मी लागोपाठ तीनदा निळा सांगितला म्हणून तो माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हता. डबा मात्र माझाच खायचा.

"बोल की," बाई म्हणाल्या.

"मीच पाहिला, बाई."

"हं..."

"मग तुम्ही पाहा. तुमच्याइतकं चिमीला कोण ओळखतं?"

बाईंनी चष्मा काढला. घडी घालून लॅपटॉपशेजारी ठेवला.

"म्हणून तर मला चालणार नाही. ती माझीपण आहे. मला पिवळंच दिसणार."

मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"रियाज, तू बघ."

"बाई, मीही होतो की तिथे. मणी मीही हलवलेत."

"होतास. पण तू तिला सोडून गेलास. आता आमच्यात परका तूच."

हे मला लागलं. खोटं असतं तर इतकं लागलं नसतं.

मी लॅपटॉप पुढे ओढला. तेवढ्यात खुर्ची वाजली. हेमंत उठला होता. कुणी सांगितलं नव्हतं, पण तो उठून खिडकीपाशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. केस पांढरे झालेत, खांदे उतरलेत, पण उभं राहणं तेच. हात मागे बांधलेले, एक बोट दुसऱ्या हाताच्या मनगटावर टिचक्या मारत असलेलं.

मी नीट पाहिलं. आधी सगळ्यांचा आलेख. दोन रेघा, एकमेकींवरून गेलेल्या. मग हेमंतने निवडलेल्या बायका. हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. माणसांचे इतके बारीक गट पाडले की कुठल्या ना कुठल्या गटात काहीतरी सापडतंच, हे मी दर वर्षी मुलांना शिकवतो. हेमंतला ते माझ्याहून जास्त माहीत होतं. दुसऱ्या कुणी असे आकडे आणले असते तर त्याने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

पिवळा म्हणावं, असं फार वाटलं. मित्र होता माझा. आणि चिमीसुद्धा... मीही तिची एक कडी जोडायला जीव आटवला होता.

"काय?" हेमंतने न वळता विचारलं.

अगदी तसंच. तोच एक शब्द.

"निळा," मी म्हणालो.

त्याचं बोट थांबलं.

"नीट पाहिलंस?"

"दोनदा पाहिलं."

समोरच्या घरात कुणीतरी तंबोऱ्याची तार जुळवत होतं. तार चढायची, उतरायची, परत चढायची. मिरज तंबोऱ्यांचं गाव, इथे हे दिवसभर चालतं.

"एवढी वर्षं, बाई..." हेमंत खिडकीकडेच बघत म्हणाला. "घर बघितलं नाही, मुलगी कधी मोठी झाली कळलं नाही. वाटायचं, चिमी एकदा बाजारात येऊ दे. एका तरी माणसाचा पाय वाचू दे."

"हो रे," बाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज जागेवर नव्हता. पदराने त्यांनी डोळे टिपले, लपवले नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "हेमंत, त्या दुसऱ्यांचं काय झालं?"

"कुठल्या दुसऱ्यांचं?"

"साधं मलम लावलं त्यांचं. त्यांच्या जखमा चिघळल्या? पाय कापावे लागले?"

"नाही हो बाई! तेच तर वाईट झालं." तो तावातावाने वळला. "चाचणी म्हणजे सगळं नियमाने. सिस्टर रोज जखम धुवायच्या, पट्टी बदलायच्या. पायावर भार द्यायचा नाही म्हणून खास बूट दिले होते. साखरेवर लक्ष. घरी कोण करतं एवढं? तेसुद्धा बरे झाले. दोन्हीकडचे बहुतेक सगळे बरे झाले, म्हणून तर आमचं..."

तो बोलता बोलता थांबला.

तोंड तसंच उघडं राहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. आपण काय बोललो ते त्याला आत्ता ऐकू आलं असावं...

"सगळे?" बाईंनी विचारलं.

"बहुतेक सगळे," तो हळूच म्हणाला.

"चालत घरी गेले?"

"चालत गेले, बाई."

हेमंत परत खुर्चीत येऊन बसला. लॅपटॉप त्याने स्वतःच मिटला. हात गुडघ्यांवर ठेवून तो त्या हातांकडेच बघत राहिला.

चहा निवला होता. तरी बाईंनी कप उचलून त्याच्या हातात दिला, आणि त्याचा हात कपासकट आपल्या हातात धरून ठेवला.

"त्यांच्या भरल्या ना जखमा?" बाई म्हणाल्या. "मग आता आपलीच काय ती भरायची राहिली."