उद्घाटनाचा नारळ

शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब यांना सगळ्यातलं सगळं कळे. सामन्यांच्या उद्घाटनाचा नारळसुद्धा त्यांनी स्वतः कानाशी हलवून निवडला. फोडला तर आतून नासका! "बाहेरून काय कळतंय?" म्हणून त्यांनी वेळ मारून नेली.

दुपारी कबड्डीत पकड होताना शाळेच्या संघातल्या शर्वाणीचं डोकं जमिनीवर आपटलं. तिला गरगरायला लागलं, तशी क्रीडाशिक्षिका गवंडेबाईंनी तिला बाहेर बसवलं. "डॉक्टर हो म्हणेपर्यंत खेळायचं नाही."

तात्यासाहेब तावातावाने आले. "रक्त नाही, टेंगूळ नाही! डोकं ठणठणीत आहे. उतरवा तिला मैदानात!"

बाई म्हणाल्या, "सकाळचा नारळही ठणठणीतच होता, साहेब. तो फोडून बघता आला. हिचं डोकं कसं बघायचं, तेवढं सांगा."

तात्यासाहेबांनी ड्रायव्हरला हाक मारली. "पोरीला डॉक्टरकडे ने. आणि गाडी सावकाश चालव, डोकं आहे ते, नारळ नाही!"