घाटावरची मोजणी

फार पूर्वी एका नदीकाठची वीटभट्टी बंद पडली आणि तिथली गाढवं रिकामी झाली. काम मागायला जी रोज सकाळी घाटावर उभी राहत, त्यांना बगळा मोजी. मोजलेल्यांनाच राजाचा चारा मिळे.

धौली गाढवीण तीन महिने उभी राहिली. शेवटी खूर सुजले, म्हणून एक दिवस घरीच बसली. दुपारी बगळ्याने दवंडी दिली, “आनंदाची बातमी! एक बेकार घटला!”

शेजारीण म्हणाली, “लागलीस वाटतं कामाला? पेढे कुठायत गं?”

घरात शिंगरू उपाशी होतं. धौली लंगडत घाटावर धावली.

“बगळेदादा, मला काम नाही मिळालेलं. मला मोजा ना!”

“आता कसं मोजू, बाई? आकडा राजाला कळवून झाला. राजा खूश आहे.”