रिकाम्या टोपलीचं राज्य

एकदा काय झालं, टोपलीत एक भाकरी उरली.

तुम्ही म्हणाल, उरली तर उरली, त्यात काय? पण त्या राज्यात भाकरी उरली म्हणजे काळजात धस्स व्हायचं, बरं का.

नदीच्या अलीकडे ते लहानसं राज्य होतं. त्याला ना तट, ना तोफा. होती फक्त डोंगरातली एक गुहा, आणि गुहेत म्हणे एक राक्षस राहायचा. शंभर वर्षांत त्याला कुणी पाहिलं नव्हतं. पण रोज सकाळी सुपाएवढ्या तीन भाकरी वर जायच्या आणि दुपारी टोपली रिकामी खाली यायची. नदीपलीकडचा राजा माडीवरून टोपलीकडे बघायचा आणि म्हणायचा, “आहे बाबा अजून. नको तिकडे जायला.” एवढ्यावर शंभर वर्षं लढाई टळली होती.

टोपली न्यायची-आणायची चाफी. ही चाफी भारी भित्री. पाल चुकचुकली तरी दचकायची. रीत अशी होती, की टोपली ठेवायची, पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ‘डोंगरफोड्या महाबळी, घे भाकरी!’ म्हणून ओरडायचं आणि मागे न बघता पळायचं. पळणं चाफीला छान जमायचं.

तर त्या दिवशी एक भाकरी उरली. चाफी धापा टाकत राजाकडे गेली. “महाराज, तो जेवला नाही.”

“शू! हळू बोल,” राजा म्हणाला. “नदीत सोडून दे ती. टोपली रिकामी दिसली म्हणजे झालं.”

मग चाफीनं भाकरी नदीत सोडली. दुसऱ्या दिवशी दोन उरल्या, त्याही सोडल्या. तिसऱ्या दिवशी तिन्ही. पण भाकरी होत्या चांगल्या टम्म फुगलेल्या! त्या कशाला बुडतात? डुलत डुलत गेल्या, पांढऱ्या बदकांसारख्या, थेट पलीकडच्या घाटाला लागल्या.

पलीकडच्या राजानं एक तुकडा मोडला. चावून बघितला. “भाकरी तर झकास आहे,” तो म्हणाला. “म्हणजे खाणाराच उरला नाही! सोडा रे होड्या!”

मग होड्या निघाल्या. नदीवर धुकं होतं, आणि धुक्यातून वल्ह्यांचा आवाज येत होता, चुबुक, चुबुक. अलीकडच्या घाटावर पहिलंच घर चाफीचं. दारात तिची आई ज्वारी पाखडत बसलेली. तिला काही माहीतच नाही!

अलीकडचा राजा पलंगाखाली शिरला. चाफीलाही शिरावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण आईच्या सुपाचा आवाज कानात आला, आणि तिचे पाय डोंगराकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या गुहेकडे पळत गेली.

गुहेच्या तोंडाशी उभी राहून ती ओरडली, “डोंगरफोड्या महाबळी!” गुहा गप्प.

मग ओरडली, “राक्षसा! अरे राक्षसा!” गुहा गप्पच. होड्या मात्र नदीच्या मधोमध आल्या.

आता चाफीला रडू फुटलं. ओरडायचंही बळ उरलं नाही. ती तिथंच मटकन खाली बसली आणि घरात विचारतात तसं हळूच म्हणाली, “मामा, का रे जेवला नाहीस? बरं नाही का तुला?”

शंभर वर्षं सगळ्यांनी त्याला भाकरी दिली होती. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

थांबा, थांबा. पुढचं डोळे मिटल्याशिवाय ऐकू येत नाही. त्या होड्या आल्या तशा परत गेल्या, एवढं आधीच सांगून ठेवते. कुणाला साधं खरचटलंही नाही. आईची ज्वारी पाखडून झाली, मामाला रोज गरम भाकरी मिळू लागली, आणि दोन्ही तीरांवरची माणसं सुखानं झोपू लागली. तुम्हीही झोपा आता. घ्या पांघरूण. मिटले डोळे?

तर चाफी मान खाली घालून बसली होती. आणि गुहेच्या अगदी आतून, अंधारातून, झोपेतून उठल्यासारखा, सगळा डोंगर हलवत, होड्यांची वल्ही जागच्या जागी थांबवत, एक मोठा, उबदार आवाज आला,

“ओऽऽऽ!”