पाठमोऱ्या कुंड्या

एका गावात एक दिवाणीणबाई होती, आणि त्या गावात पाठ दाखवायला सक्त बंदी होती. म्हणजे कशी? घरी पाहुणा आला की त्याच्याकडे कुणी पाठ करायची नाही. लोक निघतानासुद्धा मागे मागे सरकत दाराबाहेर पडायचे आणि उंबऱ्याला अडखळून आपटायचे. कुत्रं पाठ करून झोपलेलं दिसलं तर त्याला झोपेतच उचलून फिरवायचे. मांजराला कुणी काही म्हणायचं नाही, कारण मांजर कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

तर या दिवाणीणबाईला घर सजवायचा लय नाद. पण तिच्या दिवाणखान्यात झुंबर नव्हतं की चांदीचे हत्ती नव्हते. होती ती झाडं. कोपऱ्यात माणसाएवढं रुंद पानांचं झाड, फळीवरून लोंबणारा नेचा, खांबाशी तांबड्या-पिवळ्या ठिपक्यांचा क्रोटन. आणि मधोमध पितळी घंगाळात नागवेल. ती वेल तिच्या आईने तिला सासरी निघताना ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेली. आई आता राहिली नव्हती. वेल होती. बाई सकाळी उठली की आधी वेलीशी बोलायची, मग नवऱ्याशी.

एक दिवस दिवाणजी धापा टाकत आले. "अगं ऐकलंस का! पाडव्याला राणीसरकार आपल्याकडे येणार!"

बाईला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. कारण गेल्या साली एका सरदाराचा हुजऱ्या शिंकताना चुकून पाठमोरा झाला, तर राणीसरकार उंबऱ्यावरूनच परत गेल्या. तो सरदार अजून गावात तोंड दाखवत नाही.

बाईने दाराजवळच्या भिंतीशी गादी टाकली आणि एकूणएक कुंडीचं देखणं अंग गादीकडे केलं. चार दिवसांनी बघते तर काय! सगळी झाडं समोरच्या खिडकीकडे वळलेली. गादीला सरळ पाठ!

"अहो, ही मुद्दाम करतायत!" बाई ओरडली.

"कुत्र्यासारखी फिरवून ठेव," दिवाणजी म्हणाले.

तिने फिरवली. झाडं परत वळली. तिने पानं दोऱ्याने बांधली, तर शेंडे वळले. शेवटी तिने खिडकीच धाडकन लावून घेतली आणि वर जाड पडदा ओढला. "आता बघा कुठे बघताय ते!"

खरंच, झाडं वळायची थांबली. पंधरा दिवसांत नेचा झाडूसारखा झाला. क्रोटनचे ठिपके विटले. आणि एका सकाळी नागवेलीची तीन पानं घंगाळात पडलेली दिसली, पिवळीधम्मक. बाईने पाणी वाढवलं. आणखी पाच पडली. वेलीवर आता उरली फक्त चार.

बाईने घाबरून बागेतल्या म्हाताऱ्या माळिणीला बोलावलं. माळिणीने अंधारात डोळे बारीक करून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"बाईसाहेब, झाड काय दरबारी हाय व्हय, मुजरा करायला? त्याला राणी कळत न्हाई. त्याला उजेड कळतो. खिडकी उघडा, न्हाईतर वेलीचं नाव सोडा."

"मावशी, उघडली तर सगळी पाठ करतील. राणीसरकार दारातूनच परत जातील."

"मग जातील. त्यांना पाय हायेत. वेलीला न्हाईत."

बाई कितीतरी वेळ वेलीसमोर बसून राहिली. पाडव्याला दहाच दिवस उरलेले. एवढ्यात उरलेल्या चारांतलं एक पान तिच्या मांडीवर येऊन पडलं. ती उठली, पडदा ओढून काढला आणि खिडकी सताड उघडली.

मग ती रोज बघत बसायला लागली. पान वळताना दिसायचं नाही, डोळे फाडले तरी नाही. पण सकाळी तिने पानाच्या टोकाखाली फरशीवर खडूची रेघ मारली, तर संध्याकाळी टोक रेघ सोडून बोटभर पुढे गेलेलं. ना हात, ना पाय, ना आवाज. बाईच्या अंगावर काटा आला. आठव्या दिवशी वेलीला तांदळाएवढा हिरवा कोंब फुटला.

पाडवा उजाडला. राणीसरकार दारात आल्या आणि थबकल्या. समोर अख्खा दिवाणखाना पाठमोरा! नुसते देठ आणि पानांची फिकी पोटं. दिवाणजींना दरदरून घाम फुटला. एका हुजऱ्याने लगबगीने घंगाळाला हात घातला.

"हात लावू नका!" बाई ओरडली आणि मग स्वतःच घाबरली. हात जोडून म्हणाली, "सरकार, ही उजेडाकडे बघतात. मी फिरवून बघितली, कोंडून बघितली. मरायला टेकली होती. शिक्षा मला करा, पण कुंड्या फिरवू नका."

हुजऱ्याने हात मागे घेतला.

राणीसरकार सरळ कुंड्यांमधून चालत गेल्या, खिडकीशी पोचल्या आणि मागे वळल्या.

आणि बघतच राहिल्या.

प्रत्येक पान त्यांच्याकडे बघत होतं. माणसाएवढं झाड, नेचा, क्रोटन, ती तीन पानांची वेल, सगळी तोंडं त्यांच्याकडे. सकाळचं ऊन त्यांच्या खांद्यावरून पानांवर पडलेलं, आणि पानं आतून दिवा लावल्यासारखी पेटलेली. अख्ख्या दरबाराने मुजरा केला तरी असं कधी वाटलं नव्हतं.

"आमच्याकडे आजवर असं कुणी बघितलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "गादी इकडे आणा."

दिवाणजी गादी घेऊन असे धावले की राणीसरकारांना पाठ कधी दाखवली ते त्यांनाही कळलं नाही. राणीसरकार खो खो हसल्या. मग वेलीकडे बघून म्हणाल्या, "विड्याला एखादं पान मिळेल?"

"आज नको, सरकार," बाई म्हणाली. "आत्ताच उठून बसलीय ती."

तेव्हापासून त्या गावात पाहुण्याची गादी खिडकीपाशी असते. कुत्रीसुद्धा आता हवी तशी झोपतात.

तात्पर्य: ज्याला जगवायचंय त्याचं तोंड आपल्याकडे ओढू नका, ते जिकडे बघतं तिकडे जाऊन उभे राहा. आणि त्याआधी खिडकी उघडा.