गप्प झालेलं पिंप

फार पूर्वी, जिथे ऊन उशिरा येतं आणि लवकर निघून जातं अशा एका डोंगरगावात, एक म्हातारा-म्हातारी राहत होती. त्यांचा लहानसा द्राक्षमळा होता. मळा म्हाताऱ्याचा आणि तळघर म्हातारीचं, अशी त्यांची वाटणी. तो द्राक्षं तोडून आणायचा, ती पायांनी तुडवून लाकडी पिंपांत भरायची. पुढे थंडीभर ती तळघरात काय करते, हे त्याने कधी विचारलं नाही. आयतं मिळणाऱ्याला चौकशी कुठे सुचते? वसंतात पिंपातून फिकट लाल, किंचित आंबट वाइन निघाली की तो मिटक्या मारायचा, एवढंच.

एका वर्षी दोन पिंपं भरून झाली आणि म्हातारी आजारी पडली. बर्फ पडायच्या आतच ती गेली.

म्हाताऱ्याला करमेना. तो तळघरात जाऊन पिंपाला कान लावून बसायचा. तिच्या पायांनी तुडवलेली ती शेवटची द्राक्षं आत बारीक आवाजात बुडबुडत होती. तीच काहीतरी पुटपुटतेय असं त्याला वाटायचं.

मग बर्फ पडलं आणि दोन्ही पिंपं गप्प झाली. म्हातारा या पिंपाला, मग त्या पिंपाला कान लावून पाहत राहिला.

त्याच्या लेकीचं सासर खालच्या उबदार गावात होतं. तिथून व्याही भेटायला आले. तेही वाइन करायचे. आमच्याकडे पिंप असं कधी गप्प होत नाही, ही वाइन मरायला टेकलीय, असं त्यांनी सांगितलं. शेजारी शेकोटी पेटवा, मध घाला, चांगलं ढवळा.

म्हाताऱ्याने एका पिंपाला सगळे उपचार केले. ते खदखदू लागलं तेव्हा त्याला आनंदाने रडू आलं. पण चाखून पाहिलं तर वाइन दाट, गोड आणि उग्र लागली. बाजारात कुणीही आवडीने प्यायली असती. तिच्यात म्हातारी मात्र कुठेच नव्हती.

पुढे लेक माहेरी आली. म्हाताऱ्याने तिला विचारलं, "तुझी आई यात काय घालायची गं?"

"काहीच नाही, बाबा."

"मग थंडीभर खाली करायची काय?"

"बसून राहायची. म्हणायची, वाइन झोपलीय, तिला कुणी उठवू नये म्हणून राखण करते. सगळ्यात जास्त माझेच हात शिवशिवतात, म्हणून त्यांना विणकाम देते."

म्हातारा दुसऱ्या पिंपाशेजारी जाऊन बसला. शेकोटीचा मोह त्याला रोज व्हायचा. हेही मेलं असेल तर, या भीतीने त्याचा जीव कासावीस व्हायचा. तरी त्याने हात आवरले. एकदा तर झाकण उघडता उघडता तो मागे फिरला.

वेलींना कोंब फुटले त्या सकाळी पिंप आपोआप पुन्हा बोलू लागलं. ते शांत होईपर्यंत म्हाताऱ्याने आणखी वाट पाहिली आणि मग पेला भरला.

चव तिचीच होती. पहिल्या घोटालाच त्याने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. इतकी वर्षं ती इथे काय करत होती हे त्याला आता कळलं होतं, आणि ते तिलाच सांगावंसं फार वाटत होतं.

तात्पर्य: जीव लावलेल्या गोष्टीसाठी धावपळ करणं सोपं असतं, हात आवरून तिच्याजवळ बसणं अवघड असतं, आणि कुणी आपल्यासाठी तसं बसलेलं आहे का, हे वेळेवर विचारून घ्यावं.