लोण्याचे चेअरमन

दूधसंघाच्या वर्धापनदिनाला चेअरमन विश्वंभररावांनी स्वतःचाच लोण्याचा पुतळा करवून घेतला. तो संघाच्या पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसवून, धूळ नको म्हणून काचा लावून, गावभर मिरवायचा होता. गाडी चालवणारी शेवंता धास्तावली. कारण हीटर बिघडला होता. बटण कसंही फिरवा, गरम वाराच यायचा.

"साहेब, आधी गाडी दुरुस्त..."

"सगळी थेरं तुझी! पुतळ्याचं नाक जरी वितळलं, तरी उद्यापासून घरी बसायचं!"

रात्रभर शेवंताच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी मात्र ती अदबीनं म्हणाली, "साहेब, पुतळा लोकांना कसा दिसेल, ते तुम्हीच त्या जागी बसून बघता का?"

साहेब फेटा बांधून ऐटीत बसले. शेवंतानं काचा लावल्या आणि गाडी हळूहळू वेशीपर्यंत नेली. तोवर साहेबांचा सदरा घामानं अंगाला चिकटला.

"थांबव! जीव घेतेस काय? आधी गॅरेजला ने ही भट्टी! आणि मला कशाला बसवलंस गं?"

"काय करू साहेब? लोण्याच्या चेअरमनला बोलता येत नाही, आणि ड्रायव्हरचं तुम्ही ऐकत नाही. म्हटलं, निदान स्वतःचं तरी ऐकाल!"